सुईवरची गाठ

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात नातीच्या हातातली सलाईनची सुई सोमवारपासून तीच होती. तात्यारावांना संशय आला.

"सिस्टर, सुया संपल्यात, की काटकसर चाललीय?"

"हात सुजला, दुखला, तरच बदलतो, आजोबा. लहान मुलांना उगाच कशाला टोचायचं?"

वर ही बाई सारखी येऊन हात बघणार! बदलायची नाही, मग बघते कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय. तात्यारावांनी सुईवर आपला रुमाल करकचून बांधला आणि "झोपलेल्या पोरीला उठवायचं नाही," म्हणून सिस्टरला दोनदा परत पाठवलं.

नात रडतच उठली. सिस्टरने गाठ सोडली. हात पुरीसारखा टम्म फुगला होता.

"आता बदलते, आजोबा," सिस्टर म्हणाली. "धरा तिला."