जनरलसाठी ताठलेली पाठ

मी रोदिओन साव्वीचच्या पाठीचा साचा बोलतोय. प्लॅस्टरचा आहे, टणक आहे, आणि गोड बोलणं मला जमत नाही. ऐकायचं तर ऐका.

अवकाशात जाणाऱ्या माणसाला आमच्याकडे बाजारची खुर्ची देत नाहीत. यान परत येताना जमिनीवर असं आपटतं की पाठीखाली बोटभर कमीजास्त झालं तरी मणका जायचा. म्हणून प्रत्येकाच्या पाठीचा वेगळा साचा ओततात आणि तो यानातल्या खुर्चीत बसवतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही.

रोदिओन मुळात हवाईदलातला. उत्तरेला, गोठलेल्या समुद्रावर लढाऊ विमान उडवायचा. एकदा इंजिन पेटलं आणि हा खुर्चीसकट आभाळात फेकला गेला. वाचला. पण तेव्हापासून डॉक्टर लोक त्याच्या पाठीमागेच लागले. पुढं मॉस्कोजवळ, बर्चच्या रानातल्या अवकाशवीरांच्या वसाहतीत त्याला घेतलं, तरी दर तपासणीला पहिला प्रश्न तोच.

"पाठ काय म्हणते?"

"पाठ काही म्हणत नाही, मीच बोलतो सगळं," हा म्हणायचा.

हे ऐकीव सांगतोय. तेव्हा मी पोत्यातली भुकटी होतो.

बरीच वर्षं तो राखीव राहिला. जाणारा माणूस आजारी पडला तरच राखीवाला जायला मिळतं, आणि जाणारा माणूस कधी आजारी पडत नाही. मेला तरी पडत नाही. शेवटी एकदाचं रोदिओनचं नाव लागलं. राखीव म्हणून त्याचा दोस्त अर्काशा.

मग मला ओतलं. ते काम ग्लाफिरा पेत्रोव्ना नावाची बाई करायची. रोदिओनला पांढरे लोकरी कपडे घालून, गुडघे पोटाशी घेऊन टबात निजवलं आणि त्याच्या पाठीखाली मी, पातळ आणि कोमट.

"सैल पडा, रोदिओन साव्वीच. घरी पलंगावर पडता तसे."

"घरच्या पलंगावर तायसिया असते. तिथं सैल पडायची सोय नाही."

बाई हसली. तो सैल पडला. मी घट्ट व्हायला लागलो. आणि दार उघडून जनरल आत आला.

कामबिम काही नव्हतं हो त्याचं. सहज आला होता. पण रोदिओनचं निम्मं आयुष्य पलटणीत गेलेलं. डोक्यानं विचार करायच्या आत पाठ ताठली. टबात, आडवा, गुडघे पोटाशी आणि सावधान! जनरल म्हणाला, "पडा, पडा, तुमचं चालू द्या." पण वरिष्ठासमोर ढिलं पडायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं. जनरल गप्पा मारून गेला तोवर मी दगड झालो होतो. ताठताना त्याची कंबर जिथं आत गेली, तिथं माझ्या अंगावर उंचवटा आला. मी झालो ताठ माणसाचा साचा. ताठ राहून कोण किती वेळ पडणार?

नंतर माप बघायचा दिवस आला. पोशाख चढवून त्याला माझ्यात निजवलं. उंचवटा बरोबर जुन्या दुखण्यावर. ग्लाफिरा कानस घेऊन उभी.

"कुठं टोचतंय ते सांगा. खरवडून देते. कामच आहे माझं."

तिच्या शेजारी डॉक्टर.

टोचतंय म्हटलं असतं तर बाईनं खरवडलं असतं. पण डॉक्टरनं विचारलं असतं, टोचतंय की दुखतंय? मग पाठीचा फोटो, मग डॉक्टरांची समिती, आणि माझ्या जागी अर्काशाचा साचा.

"छान आहे," रोदिओन म्हणाला. "गादीवर पडल्यासारखं."

"गादीवर पडून माणूस दात आवळतो होय?"

"हसतोय मी, ग्लाफिरा पेत्रोव्ना."

तिनं कानस ठेवून दिली.

वर जाताना मी त्याला टोचलो. वर गेल्यावर कुणी कुणाला टोचत नाही, तिथं वजनच नसतं. महिनोन्‌महिने तो अवकाशस्थानकात तरंगला, मी यानात रिकामा पडून. वर माणसाची पाठ लांबते. त्याचीही लांबली, दुखणं पळालं. एकदा यानात डोकावला आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यामाझ्यात राहू दे." मी कुणाला सांगणार होतो?

परतीला गवताळ माळावर आपटलो. त्याच्या पाठीत काय झालं ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. वाळकी काटकी मोडते तसं. बाहेर कुणाला संशय आला नाही, कारण यानातून सगळ्यांनाच उचलून काढतात. घोंगडी पांघरली, चहा दिला. तो म्हणाला, "साखर कमी आहे." सगळे हसले.

नंतर दवाखान्यात कळलंच. फार जोरात आपटलं, नशीब, असं ठरलं. पुन्हा यान नाही, विमानसुद्धा नाही. आठवण म्हणून मला त्याच्या घरी दिलं. मला वाईट वाटलं का? प्लॅस्टरला काय वाईट वाटायचंय.

शहराबाहेर त्यांचं बागेतलं लाकडी घर आहे, तिथं ओसरीवर मी पडलो. बटाटे ठेवले माझ्यात, मांजर व्यायली. तायसिया रोज संध्याकाळी नवऱ्याच्या पाठीला मलम चोळायची आणि यानाचं पॅराशूट शिवणाऱ्यांचा उद्धार करायची, त्यांच्यामुळंच ते एवढं आपटलं म्हणून.

आज अर्काशा आला. त्याला जायला मिळालंच नाही कधी. दोघं खारवलेल्या अळंब्या आणि बाटली घेऊन बसले.

"हे धूड अजून ठेवलंयस?"

"नीट बसत नव्हतं ते," रोदिओन म्हणाला, आणि जनरलपासून सगळं सांगून मोकळा झाला.

अर्काशानं पेला खाली ठेवला. "म्हणजे तू तोंड उघडलं असतंस तर मी गेलो असतो."

"हो."

"आणि तू धड चालत असतास."

"हो."

"पुन्हा विचारलं तर?"

"गादीच म्हणेन."

"हरामखोर," अर्काशा म्हणाला. पेला पुढं सरकवला. मग म्हणाला, "मीही तेच म्हणालो असतो. ओत."

दारात तायसिया उभी होती, हातात काकड्यांची ताटली. ती तिनं खाली ठेवली. मांजराला हाकललं आणि स्वतःच माझ्यात आडवी झाली. बुटकी बाई, पाय अधांतरी.

"इथं?"

"जरा खाली."

तिनं हात घालून चाचपलं. "जनरल आला म्हणून?"

"हो."

"आणि मी इतकी वर्षं त्या पॅराशूटवाल्या पोरींना शिव्या घालतेय!"

उठली. फळीवरची कानस घेऊन आली.

"आता काय उपयोग, तास्या?"

"तेव्हा मला विचारलं होतंस? मग आताही विचारू नकोस."

अर्काशानं मला धरलं, ती खरवडायला लागली. पांढरा भुगा अळंब्यांवर उडाला. मग तिनं नवऱ्याला दंडाला धरून माझ्यात निजवलं.

"टोचतंय?"

त्यानं दात आवळले. सवय. तिनं कानस काही खाली ठेवली नाही.

"टोचतंय," तो म्हणाला. "डावीकडं. फार."

"उठ मग."

तेच चाललंय अजून. निम्मा मी ओसरीवर भुगा होऊन पडलोय, उरलेलाही जाईल बहुतेक. जाऊ दे. तुम्हाला कुणी कानस घेऊन विचारत असेल, तर दात आवळून हसू नका. येतो मी.