सात कप्प्यांतल्या गोळ्या

मित्रांनो, बोटांच्या घामाने काळपटलेली, सात कप्प्यांची लाकडी पेटी पाहिली आहे का तुम्ही? तीच मी. एका सुताराने खिडकीच्या उरलेल्या फळीतून मला घडवले, आपल्या शिवणकाम करणाऱ्या लेकीसाठी. माझ्यात बटणे राहत. शिंपल्याच्या बटणांवर ऊन पडले की वाटे, आपल्या पोटात सात लहानशी तळी आहेत.

मग लेकीचे लग्न झाले, मीही तिच्यासोबत आले, आणि तिचे पोट दुखू लागले. आतड्याला सूज येई, व्रण पडत, रक्त जाई. डॉक्टरीणबाईंनी रोजच्या गोळ्या दिल्या. तिने बटणे बरणीत ओतली आणि सात वारांच्या गोळ्या माझ्यात भरल्या. दोन वर्षे ती ठणठणीत राहिली. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, निम्मे श्रेय या पेटीचे. मी लाकूड असूनही लाजत असे.

पुढे तिला दिवस गेले. ते कळले त्या सकाळी तिने गोळी तळहातावर घेतली, पण तोंडात टाकली नाही. एवढ्याशा जिवाला कशाला हे औषध, असे पुटपुटत तिने गोळ्या बाटलीत परत टाकल्या आणि माझ्यात पुन्हा बटणे भरली. खरे सांगू? मला आनंद झाला. मी माझ्या तळ्यांत तरंगत राहिले. त्या गुंगीत शिलाई मशीन मध्येच थांबू लागल्याचे, ती पोट धरून आत पळत असल्याचे मला उशिरा जाणवले.

तिचा उतरलेला चेहरा पाहून एका दुपारी सासूबाईंनी गुरुवारचा कप्पा उघडला.

"काय गं, हल्ली बटणं गिळतेस होय?"

ती रडायलाच लागली. "आई, बाळाला काही होऊ नये म्हणून..."

"आणि तुला काही झालं, तर ते राहणार कुठे?"

तासाभरात आम्ही दवाखान्यात होतो, मी सासूबाईंच्या पिशवीत. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. बाळाला न चालणारे औषध त्यांनी दिवस जाण्याआधीच बदलले होते. या गोळ्यांपेक्षा पेटलेले आतडे बाळाला जास्त घातक, असे त्यांनी समजावले. रक्त तपासले, बाळाचे ठोके ऐकवले. "काही बंद करावंसं वाटलं, तर आधी मला विचारायचं," एवढेच बजावले.

गोळ्या पुन्हा माझ्यात आल्या, तरी सूज उतरायला पाच आठवडे लागले. फार लांब होते ते.

बाळ थोडे लवकर आले. वजनाने कमी, आवाजाने मात्र भारी. आता त्याला मांडीवर घेऊन ती एका हाताने माझे झाकण उघडते. अंगावर पाजताना या गोळ्या चालतील का, हे तिने आधीच विचारून ठेवले होते.

मित्रांनो, घरात अशी कुणी असेल तर तिला 'जेवलीस का' विचारता, तसे 'औषध घेतलंस का' हेही विचारा. ती हो म्हणाली तरी एकदा झाकण उघडून बघा. आम्हा पेट्यांना सगळे ठाऊक असते, फक्त हाक मारता येत नाही.