डब्यातल्या तीन, शेडमधल्या तीन

खोकं उघडलं तेव्हा सगळ्यात वर एक चित्र होतं. हिरवंगार गवत, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली गोरी मुलगी आणि तिच्याशेजारी पांढऱ्या-निळ्या रंगाचं लाकडी घर. घराला दोन खिडक्या, चढायला उतरती फळी आणि दाराच्या वर बदामाच्या आकाराचं भोक. धम्मानंदजींनी चष्मा कपाळावर सरकवून चित्र जवळून पाहिलं आणि पुन्हा खोक्यात टाकलं.

"कोंबडी राहणार आहे का यात, का बाहुली?"

"रेडिमेड खुराडं आहे बाबा, कूप म्हणते त्याले," त्यांचा मुलगा प्रशिक म्हणाला. "सगळं मोजून केलेलं असते. फक्त स्क्रू पिळायचे."

"डबा आहे हा," धम्मानंदजी म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी त्याला दुसऱ्या नावानं हाक मारली नाही.

कोंबड्या प्रशिकच्या आईच्या, सरिताबाईंच्या होत्या. होळीला त्या सावनेरला बहिणीकडे गेल्या आणि येताना सहा गावरान कोंबड्या टोपल्यात घालून बसनं घेऊन आल्या. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरामागे अंगण होतं, पण खुराडं नव्हतं. कोंबड्या रात्री टोपल्याखाली आणि दिवसा शेजाऱ्यांच्या कुंड्यांत. असं फार दिवस चालणार नव्हतं.

धम्मानंदजींचं म्हणणं सरळ होतं. अंगणात टिनाची शेड आहे. थंडीभर तिच्यात कूलर पडून असतो. आता कूलर खिडकीत चढलाय, तर शेड मोकळी आहे. टिनावर तुराट्या पसरायच्या, आत दांड्या बांधायच्या, झालं. हे सांगताना ते शाळेतल्या पोराला पाढा समजवावा तसे हळूहळू बोलत. प्रशिकला त्याचाच जास्त राग येई. तो मिहानमधल्या कंपनीत दिवसभर एसीत बसायचा आणि धम्मानंदजींच्या मते त्याला ऊन फक्त मोबाइलच्या पडद्यावर, आकड्यात दिसायचं.

भांडण तीन दिवस चाललं. शेवटी सरिताबाईंनी निकाल दिला.

"तीन त्याच्या डब्यात, तीन तुमच्या शेडात. मे संपला की पाहू. ज्याच्या कोंबड्या बऱ्या राहतीन त्याचं घर पक्कं. अन् एक सांगून ठेवते, माह्या कोंबडीले काही झालं तर दोघायलेही जेवाले मिळणार नाही."

प्रशिकनं रविवारभर स्क्रू पिळले. एक भिंत उलटी लागली, ती काढून पुन्हा लावली. धम्मानंदजी खुर्चीवर बसून पाहत होते. मदत मागितली असती तर त्यांनी केली असती. मागितली नाही, म्हणून त्यांनी मजा घेतली. डबा उभा राहिला तो अंगणाच्या मधोमध, भर उन्हात. सावली फक्त शेडच्या बाजूला होती आणि तिथं डबा ठेवणं प्रशिकला हरल्यासारखं वाटत होतं.

"चित्रात उघड्यावरच आहे," तो म्हणाला.

"चित्रातल्या बाईनं स्वेटर घातलं आहे गा," धम्मानंदजी म्हणाले.

एप्रिल निम्मा झाला आणि नागपूरचं ऊन खरं सुरू झालं. एका दुपारी सरिताबाई कूलरसमोर झोपल्या होत्या. धम्मानंदजी मागच्या दारानं बाहेर आले ते केवळ डब्याची फजिती पाहायला. आत तिन्ही कोंबड्या कोपऱ्याला चिकटून बसल्या होत्या. चोची उघड्या, पंख अंगापासून सुटे, गळे भराभर हलत होते. धम्मानंदजींनी पांढऱ्या-निळ्या फळीवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला.

ते नुसते घरात परत गेले असते तरी पुरे होतं. संध्याकाळपर्यंत निकाल आपोआप लागला असता, आणि तो त्यांच्या बाजूनं लागला असता. ते दारापर्यंत गेलेही. मग मनातल्या मनात डब्याला, चित्रातल्या मुलीला आणि स्वतःच्या पोराला शिव्या देत परत फिरले. शेडमागे गेल्या वर्षीच्या कूलरच्या जुन्या खसताट्या, वाळ्याच्या गवताच्या, पडल्या होत्या. त्या त्यांनी बादलीत बुडवल्या, दोन डब्याच्या छपरावर टाकल्या आणि एक खिडकीवर टांगली. थोड्या वेळानं कोंबड्यांच्या चोची मिटल्या.

त्यानंतर रोज तेच. प्रशिक कामावर गेला किंवा सुटीला कूलरसमोर झोपला, सरिताबाईंचा डोळा लागला, की बादली. ऊन उतरलं की ताट्या पुन्हा शेडमागे. ज्या डब्याची सकाळी थट्टा करायची त्याचीच दुपारी चाकरी करायची, याची त्यांना चीड येई. पण एक दिवसही त्यांनी चुकवला नाही.

संध्याकाळी प्रशिक चहा घेत डब्याकडे पाही.

"पाहा बाबा. पंचेचाळीस होतं आज. अन् तिघीही मजेत. आतून इन्सुलेशन आहे ना."

"काय आहे?"

"इन्सुलेशन."

धम्मानंदजींनी चहाचा घोट गिळला. गरम होता.

"खसचा वास येऊन राहिला मागे," प्रशिक एकदा म्हणाला.

"घरात कूलर आहे," ते म्हणाले. "वास येईनच."

मे लागला आणि एका पहाटे शेडमध्ये कालवा झाला. धम्मानंदजी धावले तेव्हा आत दोनच कोंबड्या होत्या, दांडीवर उंच, पिसं फुलवून. खाली पिसांचा सडा होता. मागच्या बाजूला टिन जमिनीला टेकत नव्हतं. तिथं त्यांनी विटा रचल्या होत्या, नुसत्या रचलेल्या. उद्या सिमेंट लावू म्हणत महिना गेला होता. मुंगसानं एक वीट ढकलली होती आणि आपलं काम केलं होतं. डब्याच्या फळ्यांतला प्रत्येक दोष धम्मानंदजींना पाठ होता. आपल्या विटांकडे त्यांनी वाकून पाहिलं नव्हतं.

सरिताबाई पिसं गोळा करत होत्या. तो रविवार होता. धमकी दिली होती, तरी दोघांना जेवण मिळालं.

प्रशिकनं टोमणा मारला नाही. उलट समजुतीनं बोलला, आणि ते धम्मानंदजींना मुंगसाच्या दातांपेक्षा जास्त लागलं.

"जाऊ द्या बाबा. मी अजून एक कूप मागवतो. दोन्ही गच्चीवर ठेवू, तिथं मुंगूस येत नाही. आजच हा वर नेतो. शेड पाडून टाकू, गाडी लावायले जागा होते."

"गच्चीवर?"

"हो. उन्हाचं टेन्शनच नाही त्याले. पाहिलं ना तुम्ही."

धम्मानंदजींनी पाहिलं होतं. या महिन्यात, नागपुरात, उघड्या गच्चीवर, त्या डब्यात. तिथं बादली घेऊन दिवसातून किती वेळा चढणार? आणि चढले नाहीत तर पाच कोंबड्यांचं काय होईल, हे त्यांनी फळीवर हात ठेवून समजून घेतलं होतं.

"त्या डब्यानं काही केलं नाही," ते म्हणाले. "मी पाणी घालून राहिलो रोज. खसच्या ताट्या टाकतो वरून. तू घरी यायच्या आधी काढून ठेवतो."

प्रशिक हसला. "बाबा, हरल्यावर असंच सुचते माणसाले."

"काहून, मी खोटं बोलून राहिलो का?"

"मग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

धम्मानंदजी सरिताबाईंकडे वळले. "तू तरी सांग वं."

"मी काय सांगू? मी झोपून राहत होती," सरिताबाई म्हणाल्या. "अन् तुमच्या विटाही मी पाहिल्या नाही."

धम्मानंदजी उठले. डब्यातल्या तिन्ही कोंबड्या एकेक करून काढल्या आणि शेडमध्ये सोडल्या. सुटलेली वीट पुन्हा बसवली, तिच्यावर एक दगड ठेवला. दुपार डोक्यावर आली होती. ताट्या शेडमागे कोरड्या पडल्या होत्या. आज त्यांना कुणी हात लावला नव्हता.

"ये," ते मुलाला म्हणाले. "डोकं घाल आत. खांद्यापर्यंत. मी निघ म्हणीन तोवर."

"बाबा, पागलपणा नका करू."

"इन्सुलेशन आहे ना? घाल मग."

प्रशिक गुडघ्यांवर बसला, हसतच त्यानं दारातून डोकं आणि एक हात आत घातला. बदामाचं भोक नेमकं त्याच्या मानेवर आलं. धम्मानंदजी निघ म्हणाले नाहीत. शेजारच्या कूलरचा पंप तेवढा ऐकू येत होता. प्रशिक स्वतःच बाहेर आला. चेहरा लाल, केस कपाळाला चिकटलेले.

"रोज टाकत होते ताट्या?" त्यानं विचारलं.

"रोज."

सरिताबाईंनी त्याला पाण्याचा गिलास दिला. "पी. अन् आता गच्चीचं नाव काढू नको."

"नाही काढत. पण शेडात मुंगूस येते त्याचं काय?" प्रशिक म्हणाला. "माह्या डब्यातली एक तरी गेली का?"

तोही त्याला डबाच म्हणाला, हे धम्मानंदजींच्या लक्षात आलं. पण त्याचा आनंद घ्यायला सवड नव्हती, कारण पोरगा खरं बोलत होता. विटा आज पुन्हा रचल्या तरी पहाटे पुन्हा सुटणार होत्या. ते डब्याजवळ गेले. त्याच्या तळाची लोखंडी जाळी बोटानं दाबून पाहिली. ती वाकली नाही. दाराची कडी लावून हिसका दिला. दार हललं नाही.

"जाळी चांगली आहे याची," ते म्हणाले.

"काय म्हणाले?"

"कडीही बरी आहे. ऐकलं ना? पुन्हा नाही म्हणणार." त्यांनी शेडच्या मागच्या बाजूकडे बोट दाखवलं. "जाळी काढून तिथं लावू, कडी शेडच्या दाराले. टिनाखाली वीतभर खोल गाडू जाळी. बाकीच्या फळ्या चुलीत टाक."

"फळ्या राहू द्या," सरिताबाई म्हणाल्या. "मले अंड्यायले खोका लागते."

प्रशिकनं घरातून पेचकस आणला. धम्मानंदजींनी हात पुढे केला, पण त्यानं तो दिला नाही. स्वतःच खाली बसला आणि पहिल्या स्क्रूला भिडला.

"पिळून राहिला गा तू," धम्मानंदजी म्हणाले. "काढायचा आहे तो. दुसरीकडून फिरव."