थांबलेला माग

“आयला, परत थांबला!” केसरीनाथने मागाच्या फळीवर हात आपटला. धागा एकही तुटला नव्हता. तरी त्याच्या लेकीने, निशाने, मागाच्या कडेला बसवलेली पेटी लाल दिवा लावून मख्खासारखी बसली होती.

शेजारच्या मागावरचा सुफियान हसला. “चाचा, बेटी का डिब्बा कामचोर है. हर दो मिनट में छुट्टी मांगता है.”

एवढ्या खडखडाटातही ते हसू शेडभर पसरायचं ते पसरलंच. केसरीनाथने पेटीची वायर उपटली आणि माग चालू केला.

पेटीची कल्पना साधी होती. उभा धागा तुटला की त्यावर अडकवलेली पत्र्याची पट्टी खाली पडायची, उजेडाच्या बारीक झोताआड यायची आणि माग थांबायचा. ठाण्याच्या कारखान्यात निशा पेटीत बसवला तसलेच इलेक्ट्रॉनिक बोर्ड डिझाइन करायची. अर्ध्या बोर्डावर अ‍ॅनालॉग सर्किट, तिथे क्षीण, कमीजास्त होणारा सिग्नल मोठा करायचा. उरलेल्या अर्ध्यावर डिजिटल चिप, तिला फक्त हो आणि नाही कळतं. आजवर तिने ते परक्यांसाठी केलं. हा पहिला बोर्ड तिच्या बापासाठी होता.

कारण केसरीनाथला दिसेनासं झालं होतं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली औषधाने टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. टेमघरच्या घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण तुटलेला धागा कापडावर रेघ उठवतोच. दोन ताके व्यापाऱ्याकडून परत आल्यावर मालक हाशिमशेठ, एरवी भला माणूस, म्हणाला होता, “ईदपर्यंत बघतो, केसरीनाथ. मग वडप्याला माझ्या भाच्याच्या नव्या गोडाऊनवर वॉचमन म्हणून बस. आराम कर.”

ज्याला हातातला धागा दिसत नाही त्याने अंधारात चोर बघायचा! त्या आरामाची केसरीनाथला मरणाची धास्ती होती.

“शुक्रवारी तर चांगली चालली होती, बाबा,” जेवताना निशा रडकुंडीला येऊन म्हणाली. “मी स्वतः धागे कापून बघितले.”

“मंग झाला तर. शेटला सांगतो, मी शुकरवारचा काम करीन, बाकी दिस बसून राहीन.”

तो थट्टा करत होता, पण निशाचा घास हातातच राहिला. शुक्रवारी कारखाने बंद. मागाची डागडुजी भिवंडीत त्याच दिवशी व्हायची, आणि तिनेही डोळे झाकून त्याच दिवशी पेटी बसवली होती. त्या दिवशी शेडमध्ये एकच मोटर चालू होती. शनिवारी सगळ्या मोटरींचा गोंधळ विजेच्या तारांतून बोर्डात शिरला, नाजूक सिग्नल थरथरला आणि चिपला वाटलं, धागा तुटला. ठाण्यात दुसऱ्या कुणी ही चूक केली असती तर तिने त्याला फाडून खाल्लं असतं.

तिने बोर्ड नव्याने काढला. नाजूक भाग एका टोकाला, माग थांबवणारा भाग दुसऱ्या टोकाला, दोन्हीकडची अर्थिंगची तार एकाच ठिकाणी जोडलेली. एका थरथरीवर विश्वास ठेवायचा नाही, हेही चिपला शिकवलं. मग रजा टाकून ती केसरीनाथबरोबर हाशिमशेठसमोर उभी राहिली.

“चालू शिफ्टमध्ये पोरीचं काय काम?” हाशिमशेठ म्हणाला. “ओढणी पट्ट्यात गेली म्हणजे? शुक्रवारी ये.”

“शुक्रवारी नाही चालणार, चाचा. सगळे लूम चालू हवेत.”

“पण असं काय अडलंय तुझं त्या डब्यावाचून?”

ते गुपित निशाचं नव्हतं, बापाचं होतं. तिला बापाकडे बघवेना.

“शेट,” केसरीनाथ म्हणाला, “मना दिसत न्हाय.”

हाशिमशेठने त्याच्या डोळ्यांकडे बघितलं. मग निशाला म्हणाला, “ओढणी घट्ट बांध, पोरी.”

त्या दिवशी पेटीने माग उगाच एकदाही थांबवला नाही. धागा तुटला तेव्हाच थांबवला. ईद झाली तरी वडप्याचं नाव कुणी काढलं नाही. केसरीनाथ चालवायचा त्या बाकीच्या मागांसाठीही निशाने पेट्या केल्या. लांबून दिसावा म्हणून प्रत्येकीवर मुद्दाम मोठा लाल दिवा लावला.

शेवटची पेटी बसवून ती दाराशी उभी होती, तेवढ्यात कोपऱ्यातला माग थांबला. दिवा लागला. सुफियानने तो बघितला, केसरीनाथकडे बघितलं आणि आपल्या कामाला लागला.

केसरीनाथने दिव्याकडे मानही वळवली नाही. तो आपल्या मागांच्या रांगेतून सावकाश निघाला. प्रत्येक मागावर तळवा टेकवत होता. थरथरणाऱ्यावरून हात उचलत पुढे जात होता. कोपऱ्यातल्या मागावर मात्र त्याचा हात थांबला. निशाला कळलं, एवढा मोठा दिवाही त्याला दिसत नव्हता.

तो वाकला. बोटांनी चाचपत त्याने पडलेली पट्टी शोधली, धाग्याची टोकं शोधली, गाठ मारली आणि माग सुरू केला. त्याने न बघितलेला दिवा विझला.