जळकट वास

समोर त्यांना सगळे मास्तर म्हणायचे आणि पाठीमागे नाकमास्तर. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं दुखणं असलं की लोक लांबलांबून गाडी त्यांच्या गॅरेजात आणत. मास्तर आधी गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढत, तिच्या टोकावरचा थेंब बोटावर घेत, नाकाशी धरत आणि डोळे मिटत. "नुसतं जुनं झालंय" म्हणाले की गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडायचा. "जळलंय" म्हणाले की गिऱ्हाईक मटकन खाली बसायचं. तीस वर्षांत हा निकाल कधी चुकला नव्हता.

ते नाक गेल्या हिवाळ्यात एका तापानं नेलं. ताप पाच दिवसांत उतरला, वास परत आला नाही. साबण, डिझेल, भिजलेलं कुत्रं, कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, येईल कधीतरी. मास्तरांनी ही गोष्ट कुणापाशी काढली नाही, बायकोपाशीही नाही. पट्टी नाकाशी धरायची, डोळे मिटायचे आणि ऑइलच्या रंगावरून, इंजिनाच्या आवाजावरून ठोकून द्यायचं, असं आठ महिने चाललं होतं. आठही महिने निभावून गेलं होतं, हेच वाईट झालं.

गॅरेजात त्यांच्या जोडीला सून होती. मुलाला या कामाची कधी गोडी लागली नाही, तो लांबच्या शहरात कचेरीत बसायचा. सून एकदा मास्तरांचा विसरलेला चष्मा द्यायला म्हणून आली आणि तासाभरानं एका गाडीखाली सापडली. त्याला आता सहा वर्षं झाली होती. मास्तर म्हणायचे, "मुलगा गेला पण मिस्त्री मिळाला." ती हसायची. हात तिचे चांगले होते, डोकं त्याहून चांगलं होतं, पण शेवटचा शब्द मास्तरांचा.

एका मंगळवारी नर्सबाई आल्या. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये बाळंतपणं करणाऱ्या त्या एकट्याच. त्यांची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पंधरा वर्षांची होती आणि तिचं गिअरबॉक्स ऑइल कुणी कधी बदललं असेल याचा कागद कुठेच नव्हता.

"चढावर गिअर बदलताना धक्का देते हो," नर्सबाई म्हणाल्या. "काय ते एकदा बघून टाका. पुढच्या आठवड्यात वरच्या वस्तीवर एका बाईचे दिवस भरतायत, लक्षणं काही बरी नाहीत."

मास्तरांनी पट्टी ओढली. ऑइल लाल असायला हवं, ते काळपट तपकिरी होतं. त्यांनी थेंब नाकाशी नेला. डोळे मिटले. आत नुसता अंधार.

"जुनं झालंय," ते म्हणाले. "बदलून टाकू. संध्याकाळी घेऊन जा."

सून शेजारीच उभी होती. तिनं पट्टी हातात घेतली, वास घेतला आणि तिचा चेहरा बदलला.

"मामंजी, जळकट येतोय. चांगलाच."

"एक्झॉस्टचा येत असेल."

"नाही, ऑइलचाच आहे. खालचा ऑइलचा चेंबर खोलून बघू या ना आधी. प्लेटा गेल्या असल्या तर…"

पुढचं तिला बोलायची गरज नव्हती. ते तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. आतल्या क्लचच्या प्लेटा झिजल्या की त्यांचाच चुरा जुन्या ऑइलमध्ये फिरत राहतो आणि त्या कचऱ्याच्या जोरावर गाडी कशीबशी पकड धरून असते. तिथे नवं स्वच्छ ऑइल भरलं की प्लेटा घसरायला लागतात. म्हणून ऑइल जळलेलं असेल तर आधी खोलायचं, मग बोलायचं.

पण नर्सबाई समोर होत्या. बाकावर आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती. सगळे मास्तरांच्या तोंडाकडे बघत होते.

"तीस वर्षं हे नाक काय शोभेला लावलंय का मी?" मास्तर म्हणाले. "जा, डबे काढ."

बाकावरचे दोघे हसले. सून ऑइलचे डबे काढायला गेली.

काम मास्तरांनी मन लावून केलं. बोल्ट सैल केला, ऑइल परातीएवढ्या पसरट भांड्यात सोडलं. एका वेळी निम्मंच निघतं, म्हणून नवं भरून गाडी फिरवली आणि पुन्हा सोडलं, असं तीन वेळा. चेंबर मात्र खोलला नाही. संध्याकाळी पट्टीवर लालभडक, आरपार दिसणारं ऑइल होतं. नर्सबाई खूश होऊन गेल्या. सून हात धुताना म्हणाली, "मामंजी, तुम्हाला बरं आहे ना?" मास्तरांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

पुढच्या सोमवारी दुपारी नर्सबाईंची गाडी एका ट्रॅक्टरच्या मागे दोरानं बांधून आली. नर्सबाई ट्रॅक्टरवर बसल्या होत्या, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेल्या.

"अर्ध्या चढावर इंजिन नुसतं ओरडायला लागलं," त्या म्हणाल्या. "गाडी जागची हलेना. मग मागे सरायला लागली. दगड लावून थांबवली आणि पिशवी घेऊन चालत निघाले. अडीच तास लागले."

"आणि ती बाई?" सुनेनं विचारलं.

"बाई आहे. बाळ गेलं." नर्सबाई थोडा वेळ हातातल्या पिशवीचा बंद उलगडत राहिल्या. "जाऊ दे. गाडीच म्हातारी, तुम्ही तरी काय करणार."

एवढ्यावर सगळं मिटत होतं. सून खाली मान घालून उभी होती आणि ती एक अक्षर बोलणार नाही हे मास्तरांना दिसत होतं. तेच त्यांना सोसवेना.

"ऑइल जळलेलं होतं," मास्तर म्हणाले. "हिनं सांगितलं होतं. मला वास येत नाही, बाई. आठ महिने झाले. तुमच्यासमोर खोटं कसं पडायचं म्हणून मी रेटून नेलं."

नर्सबाईंनी पिशवी खाली ठेवली.

"तुम्ही नुसतं 'गाडी चार दिवस ठेवा' म्हणाला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी आरोग्य केंद्राची दुसरी गाडी मागवली असती."

नर्सबाईंनी पिशवी पुन्हा उचलली.

"लवकर पोचले असते तरी बाळ वाचलं असतं की नाही, ते मला माहीत नाही. आता ते कधीच कळायचं नाही. मला काय सांगताय? सांगायचं तर वर जाऊन सांगा."

त्या रात्री जेवणाआधी मास्तरांनी बायकोला सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मागे दूध करपून घरभर धूर झाला आणि तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला होतात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला लागेल म्हणून." आणि ती पदरात तोंड घालून रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी सुनेनं गिअरबॉक्स खोलला. प्लेटा कोळशासारख्या काळ्या होत्या, नखानं खरवडल्या तरी पापुद्रे निघत होते. मास्तरांनी त्या पाहिल्या, हात पुसले आणि म्हणाले, "मला वर घेऊन चल."

वरच्या वस्तीवर रस्ता संपतो तिथून तिसरं घर. दारात एक तरुण माणूस लाकडाची फळी तासत होता. मास्तरांनी आपण कोण ते सांगितलं आणि पट्टी, वास, प्लेटा, चढ, सगळं एका दमात सांगून टाकलं. त्या माणसाला गाडीतलं काही कळत नव्हतं. त्यानं दोनदा मध्ये थांबवून विचारलं. शेवटी तो म्हणाला, "म्हणजे ऑइल?"

"हो."

"ऑइलमुळे?"

"माझ्यामुळे," मास्तर म्हणाले.

आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?"

"कुणी नाही," तो माणूस म्हणाला. रंधा खाली ठेवून तो आत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं. जोरात नाही, हळूच. मास्तर बराच वेळ अंगणात उभे राहिले. शेवटी सुनेनं त्यांच्या कोपराला धरून गाडीकडे नेलं.

नर्सबाईंची गाडी अकरा दिवसांत तयार झाली. ती न्यायला केंद्राचा शिपाई आला. त्या स्वतः पुन्हा कधी गॅरेजात आल्या नाहीत, रस्त्यात दिसल्या तर मान हलवत, इतकंच. मास्तर अजून कामाला जातात. गाडी आली की गिऱ्हाईक बोलायच्या आधीच सांगतात, "मला वास येत नाही, सुनेला दाखवा." काहीजण तेवढं ऐकून गाडी परत फिरवतात. मास्तर त्यांना अडवत नाहीत.