नगाऱ्याच्या पोटात सिमेंट

आमच्या गावच्या टेकडीवर एक मोठा काळा गोटा आहे. त्याला नगारा म्हणतात. तीन दगडांवर टेकलेला, खालून पोकळ. मुठीत मावेल असा दगड घेऊन त्याच्या कडेवर मारला की खोल आवाज निघायचा आणि खाली गावापर्यंत ऐकू यायचा. देवरीकडून लोक बघायला यायचे, मारून बघायचे, फोटो काढायचे.

आम्हाला त्याचा उपयोग वेगळा होता. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, संपला की रोवणाऱ्या बायांची म्होरकी वर जायची आणि नगारा वाजवायची. तो ऐकला की घरोघरच्या पुरुषांनी चूल पेटवायची. त्या दिवशी बायांनी चिखलाचे हात धुवायचे आणि फक्त जेवायला बसायचं. आमच्या बौद्ध वस्तीत काय, पलीकडच्या पोवारांच्या घरांत काय, सगळीकडे ही रीत होती.

माझी बायको कला कित्येक वर्षं म्होरकी होती. माझा भात दरवर्षी करपायचा. ती करपलेलं बाजूला काढायची आणि म्हणायची, "सालातून एक दिवस तं धड शिजवत जा!"

२०११ च्या हिवाळ्यात ती काविळीनं गेली. मुलगी साक्षी लग्न होऊन नागपूरला. पुढच्या रोवण्याला म्होरकी झाली प्रेमिला, कलासोबत रोवणारी. नगारा वाजला तेव्हा मी घरात एकटाच होतो. तरी चूल पेटवली. मारणारा हात दुसरा होता, आवाज तोच होता. मला तेवढं पुरे होतं.

पण पाऊस आता पहिल्यासारखा राहिला नाही. आधी आठ-आठ दिवस झड लागायची, बारीक पाणी टेकडीत मुरायचं. आता पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाळायला येतात तरी थेंब नाही, आणि मग एका दुपारी सगळा पाऊस एकदम. वरची येनाची, मोहाची झाडं कमी झालेली. पाणी अडणार कुठं? २०१३ ला तसाच कोसळला आणि नगाऱ्याच्या बुडाखालचा मुरूम वाहून गेला. एका टेकूच्या दगडाखाली हात घालता येईल एवढी जागा झाली.

सरपंच दुधराम तालुक्याला खेटे घालून आला. तिकडून एक साहेब आले. त्यांनी 'नैसर्गिक वारसा' लिहिलेला फलक लावला, प्रस्ताव वर पाठवतो म्हणाले आणि गेले.

"प्रस्ताव येईपर्यंत गोटा खाली येईन, काकाजी," दुधराम मला म्हणाला. "आपणच काही करू."

उन्हाळ्यात गाव जमलं. आम्ही धानाचे लोक. बांधीच्या धुऱ्याला, म्हणजे धानाच्या शेताच्या बांधाला, भोक पडलं की त्यात चिखल कोंबायचा, एवढंच आम्हाला जन्मापासून ठाऊक. नगाऱ्याखाली पोकळी दिसली आणि सगळ्यांचे हात तिकडेच वळले. दगड आले, रेती आली, सिमेंट आलं. पोरं आडवी होऊन आत माल सारत होती.

मी विचारलं, "दुधराम, मंग हा वाजंन का?"

"पयले उभा तं राहू द्या!" तो म्हणाला. लोक हसले.

गोटा उभा राहिला. दुधरामनं त्याच्यासमोर फोटो काढून घेतला.

२०१४ चा रोवणा पाण्याअभावी लांबला. संपला त्या दिवशी मी तांदूळ निवडून बसलो होतो. अंधार पडायला आला तरी काही ऐकू आलं नाही. प्रेमिला दारावरून जात होती. तिला हाक मारली.

"काऊन वं, नगारा नाई वाजवला?"

"वाजवला न, भाऊजी. मारू मारू हात दुखून राहिला. धानाच्या पोत्यावर मारल्यावानी आवाज येते."

"अजून जरा जोरानं मारून पाहायचं होतं."

"आता माह्या कपाळावर मारू का?" ती चिडून म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "कलाबाईची आठवण मलेबी येते, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सब्बल, लोखंडी पहार, घेऊन टेकडी चढलो. प्रेमिलानं वाटेत पाहिलं आणि जाऊन दुधरामला सांगितलं. ती दोघं वर आली तेव्हा एका बाजूचा भरावातला दगड मी सुटा केला होता.

"काकाजी, तुमी पागल झाले का?" दुधराम ओरडला. "गोटा वाचवला गावानं!"

"वाचवला न. मुका करून वाचवला. पोट भरून टाकलं त्याचं."

"मंग काय पडू द्याचा होता?"

मी दगड ओढून काढला आणि वाकून आत पाहिलं. सिमेंटखाली काहीच नव्हतं. मुरूम पुन्हा वाहून गेला होता. सिमेंटचा गड्डा नुसता गोट्यात आणि खडकात अडकून होता, खालून पाणी झिरपत होतं. अजून एक दगड काढला असता तर सगळं सुटलं असतं.

प्रेमिलानंही वाकून पाहिलं. "भाऊजी," ती हळूच म्हणाली, "आमच्या बांध्या इथंच खाली आहेत. रोवण्याले, निंदणाले सकाळपासून बाया चिखलात उभ्या राहतात."

मी सब्बल खाली ठेवली.

"मुरूम अजून वाहूनच राहिला," मी दुधरामला म्हटलं. "वरून येणारं पाणी बाजूनं काढ. नाली खोद."

"जंगलाची जागा आहे, काकाजी. नालीले परवानगी लागन."

"अन् सिमेंटले नाई लागली?"

तो फलकाकडे पाहत राहिला. प्रेमिला म्हणाली, "सिमेंटचा फोटो निघते. नालीपाशी कोण फोटो काढते?"

मी काढलेला दगड परत जागेवर बसवला. सब्बलीच्या मागच्या टोकानं ठोकून ठोकून पार आत घातला. इतकं ठोकलं तरी वरचा गोटा जरासुद्धा वाजला नाही.