कानाने लावलेली ज्योत

परत आलेली तांब्याची कॉइल कानसेनांनी बाकावर अशी आपटली, की शेजारी नळ्या घासत बसलेल्या पुतणीच्या हातातला ब्रश खाली पडला.

"अकरावी!" ते ओरडले. "आठवड्यात अकरावी! म्हणे जोड गळतोय. माझा जोड! एकतीस वर्षांत माझ्या जोडातून सुईच्या टोकाएवढी हवा गेली नाही."

यात थोडी बढाई होती, पण फार नव्हती. फ्रिज आणि एसीच्या कॉइल दुरुस्त करणाऱ्या त्या शेडमध्ये आठ माणसं काम करायची आणि ब्रेझिंगचा, म्हणजे ज्योतीवर धातू वितळवून नळ्या सांधायचा, अवघड जोड आला की तो कानसेनांच्या बाकावर यायचा. हे नाव त्यांना शेडनेच दिलं होतं. बाकीचे काळा गॉगल लावून ज्योतीकडे बघत टॉर्च जुळवायचे. कानसेन डोळे मिटायचे. गॅस पेटवून ऑक्सिजनची चावी हळूहळू सोडायचे आणि फुरफुर संपून एकसारखा मऊ आवाज लागला, की त्यांचा हात थांबायचा. पैजा लावून लोक ती ज्योत तपासायचे. ती बरोबरच निघायची.

आणि आता कालचं पोर असलेला फोरमन सकाळी येऊन सांगून गेला होता, "काका, दुपारपर्यंत काय ते शोधा. नाहीतर उद्यापासून तुम्ही टाकीवर बसा."

टाकीवर बसायचं म्हणजे दुरुस्त झालेली कॉइल पाण्यात बुडवायची, आत हवा भरायची आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. हात थकलेल्या माणसाची जागा होती ती. कानसेनांचे हात थकले नव्हते. त्यांना ही उघड बेइज्जती वाटत होती.

"टॉर्च खराब आहे," त्यांनी सगळ्या शेडला ऐकवलं. "तीच खराब आहे. दुसरं काही नाही."

टाकीवाला मान खाली घालून काहीतरी बोलला. दोघं हसले.

"काय म्हणालास? नीट बोल ना! तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतोस?"

टाकीवाला 'नाचता येईना अंगण वाकडे' असं चांगलं खणखणीत म्हणाला होता. पण आता पुन्हा म्हणायची त्याची छाती झाली नाही. कानसेनांना या पुटपुटण्याचा मनस्वी संताप यायचा. घरीही तेच. बायको स्वयंपाकघरातून पुटपुटणार, नातवंडं पुटपुटणार, आणि वर 'कितीदा सांगायचं' म्हणून डोळे वटारणार. हल्ली कोणाला धड तोंड उघडून बोलायलाच नको.

राग कितीही असला तरी टॉर्चपुढे त्यांची शिस्त सुटत नसे. त्यांनी नोझल काढून उजेडात धरलं, मापाची सुई सरळ आतबाहेर केली. भोक गोल, स्वच्छ. त्यामुळे ते आणखीच चिडले. दोन्ही रेग्युलेटरचे काटे पाहिले; दाब हवा तेवढाच. मग टॉर्चच्या दोन्ही चाव्या बंद करून त्यांनी सिलिंडर उघडले, नळ्या भरू दिल्या, सिलिंडर पुन्हा बंद केले आणि कमरेवर हात ठेवून काट्यांकडे बघत उभे राहिले. गॅसचा काटा जागचा हलला नाही. ऑक्सिजनचा मात्र हळूच खाली सरकू लागला.

"बघ!" त्यांनी पुतणीचा दंडच धरला. "कुठेतरी गळतंय! मी काय बोंब मारत होतो सकाळपासून?"

त्यांनी सिलिंडर पुन्हा उघडला, टोपी काढली आणि रेग्युलेटरपासून सुरुवात करून वीत वीत नळीला कान लावत टॉर्चपर्यंत गेले. मग उलट परत आले. काही नाही.

"म्हणजे काटाच खोटा," ते म्हणाले. "रेग्युलेटर भिकार घेतलाय. एकेकाला..."

"काका," पुतणी म्हणाली, "टॉर्चच्या मागच्या नटपाशी येतोय आवाज."

"कसला आवाज?"

"सुस्स असा. परवा पण म्हटलं होतं मी."

म्हटलं होतं खरं. आणि 'माझ्या टॉर्चचा आवाज आता तू मला शिकवणार का गं' असं त्यांनी तिला चारचौघांत सुनावलं होतं. थोरल्या भावाची मुलगी, हट्टाने या कामात आलेली. तिला हातात टॉर्च धरायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी आता नटला अगदी कान टेकवला. पितळ गार लागलं.

"काही नाही इथे."

"आहे, काका." ती दोन हात लांब उभी होती. "मला इथून ऐकू येतोय."

"साबणाचं पाणी आण. त्यासाठी ठेवलेली बाटलीच आण. आणि आधी हात धू. ऑक्सिजनच्या जोडाला तेलाचं बोट लागलं तर उद्या आपण सगळे पेपरात."

तिने आणलं. त्यांनी ब्रशने नटभोवती पाणी फिरवलं, 'आता बघ' अशा तोऱ्यात. नटच्या कडेला एक बुडबुडा आला, वाटाण्याएवढा झाला, बोराएवढा झाला आणि फुटला. त्याच्या मागून दुसरा आला.

कानसेन वाकले. पुन्हा कान जवळ नेला. बुडबुडा त्यांच्या कानाच्या पाळीवर फुटला, तिथे ओलं लागलं. आवाज आला नाही.

ते तसेच वाकून राहिले. कोणाचा तरी राग यायला हवा होता. नट सैल ठेवणाऱ्याचा, रेग्युलेटर घेणाऱ्याचा, फोरमनचा. पण दोन दिवस ऑक्सिजन गळत होता. त्याला वास नसतो, तो फक्त आवाज करतो. त्यांनी कामाचा कपडा त्याच नळीवर लटकवला होता. ऑक्सिजन मुरलेला कपडा भडकायला एक ठिणगी पुरली असती. आणि शेजारच्या बाकावर ही पोर बसत होती.

त्यांनी सिलिंडर बंद केला, नळीतला दाब सोडून दिला आणि मगच पान्याने नट आवळला. दाब पुन्हा भरून साबण लावला. एकही बुडबुडा आला नाही.

दोन दिवसांची गळती. पण कॉइल तर आठवडाभर परत येत होत्या.

त्यांनी टॉर्च पेटवली, नेहमीसारखे डोळे मिटले आणि ऑक्सिजन सोडत गेले. फुरफुर थांबली. मऊ आवाज लागेना. आणखी थोडा सोडला, आणखी थोडा, मग कुठे तो लांबून आल्यासारखा आला. हात थांबला. मग त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं ते केलं. खिळ्यावरचा गॉगल डोळ्यांवर ओढला आणि ज्योतीकडे पाहिलं.

आतला शंकू आखूड, टोकदार, जांभळट झाला होता. ऑक्सिजन जास्त झालेली, तांबं करपवून जोड सच्छिद्र करणारी ज्योत. कोणी नवख्याने अशी लावली असती तर त्यांनी त्याच्या हातातून टॉर्च काढून घेतली असती. पुतणी तोंड वाकडं करून मागे सरकली होती. तिच्या कानाला ती ज्योत किंचाळत असणार.

त्यांनी चावी मागे फिरवली. नजर शंकूच्या टोकावर ठेवून, जरा जरा, टोकाशी पांढरा पिसारा जेमतेम दिसेपर्यंत. एकतीस वर्षांपूर्वी शिकले होते तसं. ज्योत बरोबर लागली. त्यांच्या कानाला काहीच लागलं नाही.

"कशी वाजतेय?" त्यांनी विचारलं.

तिने ओठ हलवून काहीतरी सांगितलं आणि मान डोलावली.

तेवढ्यात फोरमन आला. त्याने साबणाने ओला झालेला नट पाहिला, पाना पाहिला आणि हसून काहीतरी म्हणाला. त्यातला 'टॉर्च' एवढा शब्द कानसेनांना कळला. उरलेलं ओळखता येत होतं. नट सैल होता, हे खरंच होतं. 'हो' म्हटलं असतं तर अकराच्या अकरा कॉइल टॉर्चच्या माथी मारता आल्या असत्या. पुतणीही काही बोलली नसती. ती खाली मान घालून पुन्हा नळ्या घासायला बसली होती.

कानसेनांनी गॅस बंद केला, मग ऑक्सिजन. गॉगल काढून खिळ्याला अडकवला.

"टॉर्चचं नंतर बघू. आधी मोठ्याने बोल," ते रागानेच म्हणाले. "मला ऐकू येत नाही."

आणि हे त्यांनी एवढ्या जोरात सांगितलं, की टाकीवाल्यानेसुद्धा मान वर केली.